ट्यूब उघडण्याआधी बोर्ड बघ

अगं, सबमिशन जवळ आलं की तुमचा अख्खा स्टुडिओ फेव्हिक्विकवर चालतो, ठाऊक आहे मला. झटपट चिकटतं, म्हणून हात तिकडेच जातो. पण मॉडेलच्या बाबतीत एक सवय आत्ताच लावून घे. ट्यूब उचलण्याआधी हातातलं सामान कशाचं आहे ते बघ. घाई आपल्याला असते, सामानाला नसते.

माउंटबोर्ड आणि बाल्सा असेल तर डोळे मिटून फेव्हिकॉल. त्यातलं पाणी कागदात, लाकडात मुरतं, मग उडून जातं, आणि मागे उरलेला थर दोन्ही बाजू घट्ट धरतो. मात्र पाण्याने बोर्ड फुगतो, वाकतो, म्हणून थर पातळच हवा. बाटलीतून थेट पिळू नकोस. टाकाऊ तुकड्यावर थेंबभर काढ, टूथपिकने फक्त कडेवर ओढ आणि भिंत उभी कर. दाबल्यावर कोपऱ्यातून पांढरी रेघ बाहेर आली, तर ती ओली असतानाच कोरड्या ब्रशने उचल. सुकल्यावर ती पारदर्शक होते खरी, पण फोटोत तिची चकाकी दिसतेच. बाल्साच्या काडीचं कापलेलं टोक फेव्हिकॉल फार पितं. तिथे आधी एक हात लाव, तो मुरू दे, मग दुसरा हात देऊन जोड. मास्किंग टेप लावून अर्धा तास तरी हलवू नकोस. पूर्ण ताकद यायला रात्र जाते, पावसाळ्यात त्याहून जास्त.

थर्माकोलच्या कॉन्टूरना रबरी सोल्युशन अजिबात नको. त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो आणि टेकडीला खड्डे पडतात. तिथे फेव्हिकॉल किंवा डबल टेप. तेच रबरी सोल्युशन प्लायच्या बेसवर सनबोर्ड बसवायला मात्र उत्तम. दोन्ही बाजूंना लाव, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांब, मगच दाब. एकदा टेकलं की सरकत नाही, तेव्हा पेन्सिलीच्या खुणा आधी करून ठेव.

आता अ‍ॅक्रिलिक. खिडक्यांना फेव्हिक्विक लावलंस तर त्याची वाफ शेजारी बसून काच पांढुरकी होते, आणि ते डाग सहज निघत नाहीत. सिनियर मुली क्लोरोफॉर्म सुचवतील. त्याने काम चोख होतं, कारण तो दोन्ही कडा क्षणभर विरघळवून एकजीव करतो. सुईने सांध्यावर एक थेंब सोडला की तो आपणहून फटीत धावतो. पण बाळा, त्याची वाफ यकृताला घातक आहे आणि कापडी मास्क ती अडवत नाही. हॉस्टेलच्या बंद खोलीत तो उघडायचाच नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, सरांना विचारून, मोकळ्या हवेत काम कर. ते जमत नसेल तर खिडक्यांना पातळ पारदर्शक शीट घे आणि आतून डबल टेपच्या बारीक पट्ट्यांनी बसव. मॉडेल तितकंच देखणं होतं.

फेव्हिक्विक फेकून दे असं नाही म्हणत मी. तारेचं रेलिंग, धातूचा खांब, अशा बारीक जागी टाचणीच्या टोकाने टिपका लावायला ते हवंच. त्यातलं रसायन ओलावा लागला की घट्ट होतं, म्हणून बोटं इतक्या पटकन चिकटतात. चिकटलीच तर ओढू नकोस, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडव. आणि सुती हातमोजे घालून ते वापरू नकोस. कापसावर सांडलं की एकदम तापतं आणि चांगलंच भाजतं.

आज जो बोर्ड कापशील त्याच्या कतरणी एका डब्यात टाक. कुठलाही नवा ग्लू आधी त्यांच्यावर लावून रात्रभर ठेव, सकाळी ओढून बघ, आणि मगच मॉडेलला हात लाव.