दीर्घ धाव, घाम आणि पाणी : एक समवायी पाठ

(इयत्ता ७ वी. विषय : आरोग्य, सामान्य विज्ञान व अंकगणित)

धावताना पाणी पिऊ नये, प्यायल्यास पोटात कळ येते व दम तुटतो, असा समज आपल्या क्रीडांगणांवर व तालमींतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तहान मारणे हे कणखरपणाचे लक्षण होय, असेही मुलांच्या मनावर बिंबवले जाते. हा समज चुकीचा तर आहेच, पण उन्हाच्या दिवसांत तो जिवावरही बेतू शकतो. केवळ उपदेशाने तो जाणार नाही. मुलांच्या हाती वजनकाटा व खडू दिल्यास ती आपण होऊन सत्यापर्यंत पोहोचतील. अशा पाठाची रूपरेषा येथे दिली आहे.

१. उष्णतेचा हिशेब

शिक्षकांनी फळ्यावर पुढील उदाहरण मांडावे. ४० किलो वजनाचा मुलगा ५ किलोमीटर धावला, तर त्याच्या शरीरात सुमारे २०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. तिच्यातील सुमारे तीनचतुर्थांश भाग, म्हणजे १५० किलोकॅलरी, उष्णतेच्या रूपाने शरीरातच उत्पन्न होतो. एवढ्या वजनाच्या शरीराचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढण्यास सुमारे ३३ किलोकॅलरी पुरतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर तापमान किती वाढेल? उत्तर साडेचार अंशांच्या आसपास येते. निरोगी शरीराचे ३७ अंश तापमान ४१ च्या वर गेल्यास काय ओढवेल, हे निराळे सांगावयास नको.

हा अनर्थ घाम टाळतो. एक लिटर घाम त्वचेवरून वाळून गेला, की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र घाम वाळला पाहिजे. नुसता निथळून गेल्यास उपयोग नाही. शिरोळ, हातकणंगले भागातील कोरड्या उन्हात घाम चटकन वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले हे ध्यानातच येत नाही. याउलट गगनबावडा, राधानगरीकडील दमट हवेत अंग भिजलेले राहते, घाम वाळत नाही आणि आभाळ असूनही शरीर तापत जाते. दोन्हीकडे सावधगिरी हवी, पण तिचे कारण वेगळे आहे, हे मुलांकडून वदवून घ्यावे.

२. वजनाचा प्रयोग

सरावापूर्वी व सरावानंतर, अंग पुसून, मुलांचे वजन करावे. समजा, एका मुलाचे वजन ४० किलोवरून ३९.६ किलो झाले व मध्यंतरी तो २०० मिलिलिटर पाणी प्यायला. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर पाणी, या हिशेबाने त्याचा घाम ४०० अधिक २००, म्हणजे ६०० मिलिलिटर झाला. वजनातील घट शेकडा १ आहे. ही घट शेकडा २ च्या पुढे गेली, की उन्हात दम कमी पडू लागतो व हृदयावरील ताण वाढतो. प्रत्येक मुलाने आपापले गणित वहीत करावे. सर्वांचा घाम सारखा नसतो, हेही त्यातून कळेल.

३. इतिहासातील दोन दाखले

१९०४ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे ऑलिंपिक मॅरेथॉन भर उन्हात, धुळीच्या रस्त्याने झाली. व्यवस्थापकांनी वाटेत पाण्याची सोय मुद्दामच अत्यल्प ठेवली होती. ३२ धावपटूंपैकी केवळ १४ जण शर्यत पूर्ण करू शकले.

दुसरा दाखला याच्या उलट आहे. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता, शेकडा १३ जणांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण कमी आढळले. ज्यांचे वजन धावेनंतर वाढले होते, त्यांना हा धोका अधिक होता. कारण ते गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायले होते. तात्पर्य, तहान मारू नये, तसेच पाण्याचा अतिरेकही करू नये.

४. कोल्हापूरच्या मुलांसाठी विशेष सूचना

आपला जिल्हा कुस्तीचा आहे. कमी वजनाच्या गटात बसावे म्हणून काही मुले स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी तोडतात व उन्हात घाम गाळतात. अशाच प्रकारांतून १९९७ साली अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल मृत्यू पावले. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ साली हेल्सिंकीला ते त्यावरच्या बँटमवेट गटात लढले आणि कांस्यपदक घेऊन आले. वरच्या गटात खेळण्यात कमीपणा नाही, हे मुलांना या उदाहरणावरून पटवून द्यावे.

५. शिक्षकांनी पाळावयाचे नियम

(अ) दीर्घ धावेचा सराव सकाळी लवकर घ्यावा.

(आ) ९ ते १२ वर्षांच्या मुलांना दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर पाणी घोटाघोटाने प्यावयास द्यावे. एकदम तांब्याभर प्यायल्यास पोट जड होते. जुन्या समजाचे मूळ बहुधा यातच असावे.

(इ) सराव तासाहून अधिक चालल्यास मीठ घातलेले ताक किंवा मीठसाखरेचे लिंबू सरबत द्यावे.

(ई) पाणी मागणाऱ्या मुलाची थट्टा होऊ देऊ नये.

(उ) एखादा मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नये.

स्वाध्याय : (१) तुमच्या घामाचा हिशेब करा. (२) दमट हवेत घाम येऊनही शरीर थंड का होत नाही? (३) घरातील वडीलधाऱ्यांना धावताना पाणी पिण्याविषयी काय वाटते ते विचारा व त्यांना आपले गणित समजावून सांगा.

तिसरा प्रश्न प्रत्येक मुलाकडून अवश्य करून घ्यावा. घरात व तालमीत हा समज बदलला, तरच मैदानावर मूल निःसंकोचपणे पाणी मागेल.