जुन्या कॅरॅव्हॅनचा जनरेटर



जनरेटर बिघडला म्हणजे दोहोंपैकी एक झालेले असते. एकतर इंजिन चालत नाही, नाहीतर इंजिन चालते पण वीज येत नाही. यातले काय झाले आहे ते आधी ठरवले की निम्मे यंत्र उघडावेच लागत नाही.

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये (मूळ गाडी बहुधा धार जिल्ह्यातल्या पीथमपूरचीच) मागच्या पेटीत दोन-तीन किलोवॅटचा पेट्रोल जनरेटर असतो. गाडी डिझेलवर, जनरेटर पेट्रोलवर. म्हणून त्याची टाकी वेगळी, आणि वेगळी असल्यामुळेच तिच्याकडे कुणी बघत नाही. दिवाळीच्या सहलीत उरलेले पेट्रोल उन्हाळ्यापर्यंत तसेच पडून राहते. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर उरतो आणि केसाएवढ्या भोकाचे जेट बुजते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते. ओलावा जास्त झाला की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो. शिवाय इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या, वायसर फुगतात. माळव्यात लग्नसराईला वरातीच्या दिव्यांमागून हातगाडीवरचे जनरेटर फिरतात. ते पुष्कळ जुने असतात, पण रोज चालतात; त्यामुळे त्यांच्या कार्बोरेटरला हा रोग फारसा होत नाही.

जेट बुजल्याची खूण ठरलेली आहे: चोक ओढलेला असेपर्यंत इंजिन चालते, चोक सोडला की मरते, किंवा भार नसताना आवाज सारखा चढत-उतरत राहतो. बाजारातला मिस्त्री अशा वेळी गव्हर्नरचा स्क्रू पिळतो. त्याने रोग झाकला जातो, बरा होत नाही. आधी टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे, वाटीखालचा स्क्रू सोडून गाळ काढावा, मग जेट क्लीनरने धुवावे. भोकात घालायचीच तर वायरमधली तांब्याची एक तार घालावी. पोलादी सुईने भोक मोठे होते आणि ते पुन्हा लहान करता येत नाही.

पेट्रोल पोहोचत असूनही इंजिन लागत नसेल, तर प्लग काढून ठिणगी बघावी. मात्र सांडलेले पेट्रोल पुसून आणि उघडी टाकी दूर ठेवून. ठिणगी नसली म्हणजे कॉइल जळालीच असे नाही. बहुतेक यंत्रांत ऑइल कमी झाले की सेन्सर ठिणगी तोडतो, आणि गाडी उतारावर तिरकी उभी असली तर पुरेसे ऑइल असूनही तो फसतो. मांडूच्या चढावर बंद पडलेला जनरेटर सपाटीवर आल्यावर मुकाट्याने सुरू होतो, तो यामुळे. काळ्या मातीच्या धुळीने भरलेला एअर फिल्टर याच वेळी झटकून घ्यावा.

इंजिन नीट चालूनही वीज नसेल, तर सगळा भार काढून आधी एमसीबी बघावी. मग मीटर लावावा: 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. दोन ध्रुवांच्या जनरेटरला त्यासाठी मिनिटाला 3000 फेरे लागतात. फेरे बरोबर असून दोन-चार व्होल्टच दिसले, तर ब्रश झिजलेले असतात, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) गेलेला असतो, किंवा फार दिवस पडून राहिल्याने रोटरमधले उरलेले चुंबकत्व संपलेले असते. शेवटच्या कारणावर 12 व्होल्टच्या बॅटरीचा क्षणभर झटका देतात. पण एव्हीआरच्या तारा सोडवून, धन-ऋण ओळखून, जाणकारानेच. बिनब्रशच्या यंत्रातला कपॅसिटर बंद अवस्थेतही झटका मारतो.

पंखे-दिवे चालतात आणि एसी लावताच इंजिन गुदमरते, हा बिघाड नव्हे. दीड टनाचा एसी चालताना दीड किलोवॅटच्या आसपास घेतो, पण कॉम्प्रेसर उठताना साध्या एसीला काही क्षण त्याच्या कित्येक पट लागते. मांडू समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. तिथे इंजिनाची ताकद काही टक्के घटलेली असते. वैशाखात पेटीची जाळी पडद्याने झाकली गेली, तर ती आणखी घटते.

सायलेन्सरचा सांधा गंजलेला असेल, तर मात्र तो दुरुस्त होईपर्यंत जनरेटर चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बिछाना पेटीच्या अगदी वर असतो. सांधा नवा झाल्यावरही झोपताना यंत्र बंदच असावे.

महिन्यातून एकदा अर्धा तास निम्म्या भारावर जनरेटर चालवावा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे वाटी कोरडी होते.