मधल्या फळीचा खेळाडू : फोर्तुनातो फ्रँको

(इयत्ता सहावी व सातवी. शारीरिक शिक्षण, भूगोल व गणित यांचा समन्वित पाठ)



आसगावच्या शिवारात दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपली, म्हणजे ज्या बांध्यांत लाखोळी किंवा जवस पेरलेला नसतो, त्या बांध्या मुलांच्या ताब्यात जातात. चार बाजूंचे धुरे ही आयतीच सीमारेषा होते. दोन दगड इकडे व दोन दगड तिकडे ठेवले की गोल तयार होतात आणि फुटबॉल सुरू होतो. हा खेळ धुऱ्यावर उभे राहून पाच मिनिटे पाहावा. चेंडू जेथे असेल तेथे यच्चयावत मुले, आणि बाकीची बांधी ओस! गुळाच्या खड्याभोवती मुंग्या जमाव्यात तसा हा घोळका चेंडूबरोबर फिरत राहतो. प्रत्येकाला लाथ मारावयाची असते, प्रत्येकाला गोल करावयाचा असतो, आणि त्यामुळेच बहुधा गोल होत नाही.

प्रस्तुत पाठ येथूनच सुरू करावा. मुलांना वर्गात आणून फळ्यावर एक साधे उदाहरण घालावे : सामना 90 मिनिटांचा आहे. दोन्ही संघांचे मिळून 22 खेळाडू आहेत. चेंडू सर्वांना सारखा वाटून दिला, तर एकेकाच्या वाट्यास किती वेळ येईल? उत्तर चार मिनिटांच्या आसपास येते. चेंडू सीमेबाहेर जातो, खेळ थांबतो, तो वेळ वजा केल्यास त्याहूनही कमी. मग मुलांना विचारावे, "उरलेली 86 मिनिटे तो खेळाडू काय करतो?"

या प्रश्नावर वर्ग क्षणभर गप्प होतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. कोणी म्हणते, "उभा राहतो". कोणी म्हणते, "पळतो". कोठे उभा राहतो आणि कोणीकडे पळतो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. फुटबॉलमध्ये मधल्या फळीतील खेळाडूचे सारे कर्तृत्व या 86 मिनिटांत साठलेले असते. पूर्वी त्याला हाफबॅक म्हणत; आता मध्यरक्षक असा शब्द रूढ झाला आहे. मागे बचाव करणारे, पुढे गोल करणारे, आणि या दोहोंना जोडणारा तो. शत्रूचा चेंडू अडवावयाचा, तो आपल्या माणसाकडे द्यावयाचा, दिल्याबरोबर पुन्हा मोकळ्या जागी जाऊन उभे राहावयाचे, असे त्याचे काम. हे काम धावफलकावर कधीच लिहिले जात नाही.

अशा एका खेळाडूचे चरित्र या पाठासाठी निवडले आहे. फोर्तुनातो फ्रँको यांचा जन्म गोव्याचा, परंतु त्यांचा खेळ बहरला तो मुंबईत. गोव्यात फुटबॉल आला तोही एका धर्मगुरूच्या हातून : 1883 साली शिवोली गावी विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्याने तेथील मुलांना हा खेळ शिकविला, असे मानतात. पुढे गोव्यातील कित्येक कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबईस गेली, त्यांच्याबरोबर हा खेळही मुंबईच्या मैदानांवर अधिक रुजला. फ्रँको मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळले. संतोष ट्रॉफी स्पर्धेत ते महाराष्ट्राच्या संघातून खेळत, आणि 1963-64 च्या हंगामात महाराष्ट्राने ती स्पर्धा जिंकली त्या पिढीचे ते खेळाडू.

1960 साली रोम येथील ऑलिंपिकसाठी भारताच्या संघात त्यांची निवड झाली. नकाशावर येथे रोम दाखवावे, आणि त्याच वेळी गोवाही दाखवावा. त्या वर्षी गोवा पोर्तुगीज अंमलाखाली होता! म्हणजे ज्या भूमीत जन्म झाला ती अद्याप परक्यांच्या हाती, आणि अंगावर मात्र भारताचा पोशाख. गोवा मुक्त झाला तो 19 डिसेंबर 1961 रोजी. वरच्या वर्गातील मुलांना ही गोष्ट लगेच भिडते. तारखा पाठ करून घेण्यापेक्षा ती अधिक काळ लक्षात राहते.

रोमला भारताने हंगेरीशी 1-2 अशी हार पत्करली, फ्रान्सशी 1-1 अशी बरोबरी केली, आणि पेरूकडून 1-3 असा पराभव झाला. या तीनही सामन्यांत फ्रँको यांना मैदानात उतरण्याची संधी मिळाली नाही. हजारो मैल प्रवास करून गेलेला तरुण खेळाडू तीन सामने बाहेर बसून पाहतो. हा प्रसंग सांगताना शिक्षकांनी थोडे थांबावे. वर्गात अशी दोन-तीन मुले असतातच, की ज्यांचे नाव संघ निवडताना सर्वांत शेवटी घेतले जाते, किंवा घेतलेच जात नाही. त्यांच्याकडे मुद्दाम पाहू नये, परंतु ती ऐकत आहेत एवढे ध्यानात ठेवावे.

त्या संघाचे मार्गदर्शक होते सय्यद अब्दुल रहीम. ते मूळचे हैदराबादचे शिक्षक, हे आपणां सर्वांना अभिमानाने सांगता येण्याजोगे आहे. शाळेत शिकवीत असतानाच त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली, आणि पुढे हैदराबाद पोलिसांच्या संघाला व भारताच्या संघाला घडविले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने 1951 साली दिल्ली येथे आशियाई सुवर्णपदक मिळविले आणि 1956 साली मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकाविला. खेळाडूंनी चेंडू पायाशी घोळवीत बसू नये, झटपट दुसऱ्याकडे द्यावा, आणि दुबळ्या पायालाही उजव्या पायाइतकेच वळण लावावे, यावर त्यांचा कटाक्ष असे. अशा शिस्तीत मधल्या फळीच्या खेळाडूचे मोल आपोआपच वाढते. त्यांच्या जीवनावर 2024 साली 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट निघाला. ज्या शाळांत सोय असेल त्यांनी तो मुलांना अवश्य दाखवावा. मात्र चित्रपटातील प्रत्येक प्रसंग इतिहास म्हणून शिकवू नये.

आता जकार्ता. हे शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे, हे पृथ्वीच्या गोलावर मुलांकडूनच शोधून घ्यावे. 1962 सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेथे चौथे आशियाई क्रीडासामने भरले. (त्याच वर्षी 1 मे रोजी आपल्या राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.) पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 2-0 असे हरविले. पुढे भारताने थायलंडचा 4-1 असा आणि जपानचा 2-0 असा पराभव केला. थायलंडविरुद्धच्या सामन्यात जर्नेलसिंग या खंद्या बचावपटूच्या डोक्यास खोक पडून टाके घालावे लागले. उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर 3-2 असा निसटता विजय मिळाला, आणि अंतिम सामन्यात पुन्हा समोर आला तोच दक्षिण कोरिया.

4 सप्टेंबर 1962 चा तो दिवस. सेनायनचे क्रीडांगण सुमारे एक लाख प्रेक्षकांनी भरलेले, आणि त्यांतील बहुसंख्य भारताच्या विरोधात. यजमान इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश दिला नव्हता. त्यावर भारतीय क्रीडाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, म्हणून लोक चिडले होते. राजकारणाचा राग खेळाडूंना सोसावा लागला. रहीम यांनी टाके पडलेल्या जर्नेलसिंगाला मागे न ठेवता पुढच्या फळीत खेळविले. 17 व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, 20 व्या मिनिटाला जर्नेलसिंगाने दुसरा.

येथे शिक्षकांनी पुन्हा गणिताकडे वळावे. दुसरा गोल 20 व्या मिनिटाला झाला आणि सामना 90 मिनिटांचा. मधली सत्तर मिनिटे कशी गेली असतील? कोरियाचा संघ सामान्य नव्हता. 1956 व 1960 या दोन्ही वेळी त्याने आशिया चषक जिंकला होता. तो लाटेमागून लाट यावी तसा चाल करून येत असणार, आणि ती लाट प्रथम ज्या ठिकाणी अडवावयाची ती जागा मधल्या फळीची. त्या फळीत त्या दिवशी फ्रँको होते. रोमला बाहेर बसलेला खेळाडू जकार्त्याला अंतिम सामन्यात खेळत होता. कोरियाला एकच गोल करता आला, तोही अगदी अखेरीस. भारत 2-1 असा विजयी झाला. आशियाई सामन्यांतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारताला पुन्हा मिळालेले नाही. रहीम तेव्हाच कर्करोगाने ग्रासलेले होते. 11 जून 1963 रोजी त्यांचे निधन झाले. फ्रँको 10 मे 2021 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी गोव्यात वारले.

या विजयाची हकीगत कोठेही वाचा, बॅनर्जी, जर्नेलसिंग, कर्णधार चुनी गोस्वामी ही नावे प्रथम येतात. ते योग्यही आहे. फ्रँको यांचे नाव शोधावे लागते. त्यांचा गोल दाखविता येत नाही, म्हणून त्यांचा पाठ शिकविणे कठीण. आणि याच कारणाने तो शिकवावा असे मला वाटते.

एक कबुली द्यावी लागते. काही वर्षांपूर्वी एका शाळेत असताना शेजारच्या गावाशी सामना ठरला. संघ मी निवडला. महिनाभर कोणी किती गोल केले याची वही ठेवली होती, ती उघडली आणि पहिली अकरा नावे वाचून दाखविली. एक अबोल मुलगा राहिला. त्याच्या नावापुढे वहीत शून्य होते. सामन्यात आमच्या पोरांनी चेंडू मागून पुढे आणलाच नाही. अकराही जण पुढे जाऊन चेंडूची वाट पाहत राहिले, आणि आम्ही चार गोलांनी हरलो. परतताना बैलगाडीत एक मुलगा सहज म्हणाला, "गुरुजी, तो असता तर त्याने आणून दिला असता." मुलांना जे ठाऊक होते ते माझ्या वहीत नव्हते. पुढच्या वर्षी तो मुलगा शाळा सोडून कामाला लागला होता.

पाठानंतर मैदानावर पुढील सराव घ्यावा. मुले-मुली मिळून घ्यावीत. तिघांचा त्रिकोण करून मध्ये एकास ठेवावे. तिघांनी चेंडू आपसांत द्यावा, मधल्याने तो हिरावण्याचा यत्न करावा. चेंडू पायाशी येण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा मान वळवून मागे पाहिलेच पाहिजे, असा नियम करावा. चेंडू हातात घेऊन शिक्षकांनी मागे उभे राहावे, बोटे दाखवावीत, आणि चेंडू घेणाऱ्याने किती बोटे ते मोठ्याने सांगावे. मुलांना यात फार मौज वाटते, आणि न सांगता त्यांना चेंडूखेरीज इतर काही पाहण्याची सवय लागते. बूट नसले तरी अडत नाही. 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणीच खेळले होते. मात्र बांधीत कापलेल्या धानाचे खुंट राहिलेले असतात, ते पायांत रुततात. यास्तव आधी जागा साफ करून घ्यावी.

त्यानंतर दहा-दहा मिनिटांचे दोन डाव खेळवावेत. एका विद्यार्थ्याला धुऱ्यावर पाटी घेऊन बसवावे. गोल झाला की गोल करणाऱ्याचे नाव त्याने लिहू नये. त्याला चेंडू कोणी दिला, आणि त्या देणाऱ्याला कोणी दिला, ही दोन नावे लिहावीत. पहिल्या दिवशी पाटी बरीचशी कोरी राहील. तरी ती पुसू नये. दुसऱ्या दिवशी तीच पुढे चालवावी.