शेळ्यांसाठीं मुरघास

श्रावणांत गवत पुष्कळ असतें, परंतु पावसामुळें तें वाळवितां येत नाहीं. आणि वैशाखांत तर हिरवी काडीही दृष्टीस पडत नाहीं. अशा ठिकाणीं मुरघास हाच उपाय होय. मात्र शेळ्यांच्या बाबतींत एक घातक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ‘शेळीला काय, कांहींही चालतें’ असें म्हणून, बुरशी धरलेला जो मुरघास गुरांस घालावयास मन धजत नाहीं, तो शेळ्यांपुढें टाकला जातो. नासलेल्या मुरघासांत लिस्टेरिया नांवाचे जंतु वाढतात. ते मेंदूंत शिरले म्हणजे शेळी मान एका अंगास वांकवून गोल फिरूं लागते व बहुधा थोड्याच दिवसांत दगावते. गाभण शेळ्या गाभडतात. म्हणून शेळ्यांचा मुरघास अधिक काळजीनेंच केला पाहिजे.

हवाबंद चाऱ्यांतील साखरेपासून जंतूंच्या योगें आम्ल बनतें आणि तें चारा टिकवितें. गिनी व हत्तीगवत यांसारख्या उष्ण प्रदेशांतील गवतांत ही साखर थोडी असते. चवळी, स्टायलो वगैरे द्विदल चाऱ्यांत प्रथिनें विपुल असतात, पण ते आम्लाचा जोर कमी करतात. यास्तव दोन वाटे गवत व एक वाटा द्विदल घ्यावें, आणि दर १०० किलो चाऱ्यास ३ ते ४ किलो मळी पाण्यांत कालवून शिंपडावी.

चारा फुलोऱ्याच्या सुमारास कापून थोडा सुकवावा. मुठींत दाबला असतां हात ओलसर व्हावा, पण पाणी गळूं नये. कुट्टी १ ते २ सेंटिमीटरांची करावी. लांब तुकडे राहिल्यास शेळी पाला निवडून दांडे टाकते.

थोड्या शेळ्यांस मोठा खड्डा नको. उघडलेला मुरघास हवा लागून नासतो. वीस शेळ्यांस रोज सुमारें २० किलो पुरतो. तेव्हां ५० किलोंच्या जाड प्लॅस्टिक पिशव्या बऱ्या, कारण एक पिशवी दोन-तीन दिवसांत संपते. थर देऊन खूप दाबावें, तोंड घट्ट बांधावें व उंदरांपासून जपावें.

सुमारें ४५ दिवसांनीं उघडावा. चांगला मुरघास पिवळसर हिरवा व आंबूस वासाचा असतो. काळा, बुळबुळीत वा बुरशीचा भाग उकिरड्यांतच टाकावा. प्रथम पावकिलो देऊन दहा दिवसांत मोठ्या शेळीस एक किलोपर्यंत न्यावा. सोबत तुरीचें भुसकट वा इतर कोरडी वैरण असावी. उरलासुरला मुरघास गव्हाणींतून रोज काढावा. शेळी तोंडानें चोखंदळ आहे. तिनें नाकारलेला चारा पुन्हां तिच्यापुढें टाकूं नये.