अक्षरं जरा सैल सोडा

रोवणीचं काम आटोपून रात्री लेकराला वाचायला बसवता आणि ते ‘घर’चं ‘धर’ करतं, ‘भात’ला ‘मात’ म्हणतं. लगेच धपाटा घालू नका. आधी हातातला कागद बघा. बहुतेकदा ती झेरॉक्सची झेरॉक्स असते, दोन पानं दाबून एकावर बसवलेली. ध आणि भ यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते, घ आणि म वर ती सलग जाते. ओळख पटते ती एवढ्याशा फटीवरून, आणि नेमकी तीच फट शाईने बुजते. मग चूक एकट्या लेकराची कशी?

ल आणि श यांचं दुखणं वेगळंच. 2009 च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवला. मोबाइलवर मात्र बऱ्याचदा हिंदी वळणाचे दिसतात. दोन्ही रूपं शेजारी लिहून एकदा दाखवा, गोंधळ कमी होतो.

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचताना येणारी कायमची अडचण. ‘डिस्लेक्सियाचा खास फॉन्ट’, म्हणजे खास वळणाची अक्षरं, म्हणून कुणी काही विकायला आलं, तर पैसे घालवू नका. 2008 मध्ये नेदरलँड्समध्ये असा एक फॉन्ट निघाला, तोही रोमन अक्षरांचा. 2016 च्या एका अभ्यासात दिसलं की साध्या फॉन्टला त्या खास फॉन्टइतकीच मोकळी जागा दिली, की खास फॉन्टचा वरचढपणा उरत नाही. इटली-फ्रान्समधल्या डिस्लेक्सिया असलेल्या मुलांनाही अक्षरं सुटी केल्यावर वाचणं सोपं गेलं होतं, तो अभ्यास 2012 चा.

आपल्या लिपीत अक्षरं फार लांब केली तर शिरोरेषाच तुटते. म्हणून जागा द्यायची ती शब्दांमध्ये आणि ओळींमध्ये. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकायला नको. झेरॉक्सवाल्याला सांगा, ए-फोरचं ए-थ्री करून दे. दोनचार रुपये जास्त जातील, जाऊ द्या.

मोठ्या, स्वच्छ छपाईतही लेकरू वर्षानुवर्षं अडखळत असेल, तर दोष फॉन्टचा नाही आणि लेकराच्या बुद्धीचाही नाही. डिस्लेक्सिया छपाईने होत नाही, की छपाईने बराही होत नाही. त्याला वेगळ्या पद्धतीनं शिकवावं लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता धरली आहे आणि तसं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठीची धावपळ दहावीच्या फॉर्मपर्यंत लांबवू नका. तिसरी-चौथीतच गुरुजींकडे विषय काढा, आणि जाताना लेकरू अडखळतं ती पानं सोबत न्या.