डबी ओरडते तेव्हा...
(टायर प्रेशर वॉर्निंग सिस्टिम : वापर आणि निगा)

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीशी माझा संबंध घरात आजीशी बोलण्यापुरता आणि दहावीच्या पेपरापुरता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्याव्यात, ही विनंती. हा लेख मी इंग्रजी विभागाला देणार होते. पण हा विषय मराठीतच लिहिला पाहिजे असं मला मनापासून वाटलं. का, ते पुढे कळेलच.

गोष्ट मागच्या एप्रिलमधली. सेकंड इयरची इंडस्ट्रियल व्हिजिट होती. कॉलेजची बारा सीटची व्हॅन, आम्ही दहा जण, वर्कशॉपचे सर आणि मागे दोन दिवसांच्या मुक्कामाच्या बॅगा. गाडी चालवायला आपले नेहमीचे मामा. त्यांच्या डॅशबोर्डवर काड्यापेटीएवढा एक डिस्प्ले आहे. त्यावर गाडीचं चित्र आणि चार चाकांपाशी चार आकडे. मामा त्याला 'डबी' म्हणतात. पहाटे निघताना पुढच्या चाकांपाशी ३६-३६ आणि मागच्या चाकांपाशी ३८-३८ होते. चारही आकडे हिरवे. मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हणून मी ते मोठ्या कौतुकाने पाहिलं आणि खुशाल झोपले.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचा घाट उतरलो आणि डबी पीं-पीं करून ओरडायला लागली. मागचा डावा आकडा ४७, रंग लाल, खाली तापमान ७६ अंश. मामांनी शांतपणे गाडी फूड मॉलच्या पार्किंगमध्ये घेतली, चाकावरचं सेन्सरचं टोपण काढलं आणि हवा सोडायला खाली बसले.

"मामा, थांबा. काय करताय?" सर धावत आले.

"हवा जास्त झालीय सर. थोडी काढली की गप्प बसते."

"कंपनीने किती ठेवायला सांगितलीय?"

सरांनी ड्रायव्हरचा दरवाजा उघडला. आतल्या खांबावर स्टिकर होतं. पूर्ण भरलेल्या गाडीला पुढे ४५, मागे ५५ पीएसआय. तेही टायर थंड असताना. मग गरम टायरमध्ये ४७ ही हवा जास्त कशी?

मामा म्हणाले, "सर, ५५ भरली की ही दिवसभर ओरडते. पोरं घाबरतात. ३८ ठेवली की बिचारी गप्प असते."

डॅशबोर्डच्या कप्प्यात किटचं माहितीपत्रक होतं. प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांतलं इंग्रजी. सरांनी ते माझ्या हातात दिलं, "वाच." मी वाचलं. कारखान्यातून येतानाच त्यात मर्यादा घातल्या होत्या : हवा २६ च्या खाली गेली की अलार्म, ४५ च्या वर गेली की अलार्म, तापमान ७५ अंशांच्या वर गेलं की अलार्म. हे आकडे छोट्या कारचे. बसवणाऱ्याने सेन्सर बसवले, पण आपल्या व्हॅनचे आकडे घातलेच नाहीत. म्हणजे योग्य हवेला डबी 'जास्त' म्हणत होती आणि ३१ टक्के कमी हवेला 'छान' म्हणत होती! मी सकाळी ज्या हिरव्या आकड्यांवर विश्वास ठेवून झोपले, ते हे आकडे.

मामांना इंग्रजी वाचता येत नाही. ज्यांना येतं, त्यांच्यापैकी कोणीच पिशवी फोडली नव्हती. त्यात मीही आले.

कमी हवेने नेमकं काय होतं?

गाडीचं वजन टायरचं रबर पेलत नाही, आतली दाबलेली हवा पेलते. हवा कमी झाली की टायरची बाजू म्हणजे साइडवॉल जास्त दबते. ताशी ८० किलोमीटर वेगाने असं चाक सेकंदाला साधारण दहा वेळा फिरतं, म्हणजे साइडवॉल सेकंदाला दहा वेळा वाकते आणि सरळ होते. लोखंडी तार भराभर वाकवून बघा, वाकते तिथे बोटाला चटका बसतो. टायरचं तेच होतं. रबर वाकायला जेवढी ऊर्जा घेतं तेवढी परत देत नाही, उरलेली उष्णता होते. त्यात एप्रिलचं ऊन, वर बॅगांचं ओझं आणि घाटात तापलेले ब्रेक. टायर फुटतो तेव्हा पुष्कळदा आपण 'हवा जास्त झाली' म्हणतो. अनेकदा खरं कारण उलटं असतं.

एक छोटंसं गणित

हे अकरावीच्या फिजिक्समधलंच आहे. आकारमान जवळपास तेवढंच राहिलं तर वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून १४.७ मिळवायचे.

सकाळी २७ अंशांना म्हणजे ३०० केल्विनला ५५ पीएसआय भरले, तर खरा दाब ६९.७. टायर ६० अंशांपर्यंत म्हणजे ३३३ केल्विनपर्यंत तापला तर खरा दाब होतो ७७.४ आणि गेजवर दिसतात ६२.७. एकही कण हवा न भरता साडेसातहून जास्त वाढले! ही वाढ धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा दिलेला असतो.

आता आमचे ३८ घ्या. तीच रीत लावली तर ७६ अंशांना येतात साधारण ४७. डबीने दाखवलेला आकडा तंतोतंत बरोबर होता. चुकीची होती ती मर्यादा. म्हणून नियम पाठ करा : गरम टायरमधून हवा कधीही काढायची नाही. रात्री टायर थंड झाला की तो गरजेपेक्षा अजून खाली गेलेला असतो.

यंत्रणा चालते कशी?

दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक चाकात दाब मोजणारा छोटा सेन्सर असतो आणि तो रेडिओ लहरींनी आकडा पाठवतो. कारखान्यातून बसवून आलेला सेन्सर बहुधा रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी असतो. बाजारातल्या किटमध्ये टोपणासारखा बाहेरूनही बसतो, जसा आमच्या व्हॅनला आहे. दुसऱ्या प्रकारात दाब मोजतच नाहीत. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेतं. एबीएसचे सेन्सर हा फरक पकडतात. हा प्रकार स्वस्त आहे, पण चारही टायरची हवा महिनाभरात सारखीच उतरली तर साध्या यंत्रणेला पत्ता लागत नाही. शिवाय हवा भरून झाली की रीसेटचं बटण दाबावं लागतं. हवा न भरता रीसेट दाबणं म्हणजे आजच्या आजारपणालाच 'तब्येत उत्तम' असं सर्टिफिकेट देणं.

हे सगळं आलं कुठून? पोर्श ९५९ या गाडीत अशी यंत्रणा १९८६ सालीच होती, पण ती श्रीमंतांची चैन होती. २००० साली अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोन टायर सुटून अपघात झाले, लाखो टायर परत मागवावे लागले आणि त्याच वर्षी कायदा झाला. २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. हवा नेमून दिलेल्यापेक्षा २५ टक्के कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे, असा तो नियम आहे. आपल्याकडे २०२० साली मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि ही यंत्रणा असलेल्या ठरावीक प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. म्हणजे आता स्टेपनीच्या जागी आपण या डबीवर भरवसा ठेवणार आहोत. मग ती नीट ओळखायला नको का?

मर्यादा कशा घालायच्या?

१) आधी दरवाज्याच्या खांबावरचं स्टिकर वाचा. टायरवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नव्हे.

२) गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी साध्या गेजने हवा मोजा आणि स्टिकरप्रमाणे भरा.

३) खालची मर्यादा १५ टक्के कमी ठेवा. आमच्या व्हॅनला ती पुढे ३८ आणि मागे ४७ आली. २५ टक्क्यांच्या पलीकडे तर नकोच.

४) वरची मर्यादा साधारण २५ टक्के जास्त ठेवा. आमची पुढे ५६, मागे ६९.

५) किट विकत घेतानाच ते किती पीएसआयपर्यंत मोजतं आणि पुढची-मागची चाकं वेगळी सेट करता येतात का, हे विचारा. कारचं किट व्हॅनला चालेलच असं नाही.

निगा कशी राखायची?

बाहेरचा सेन्सर व्हॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवतो. म्हणजे त्याचा वायसर खराब असेल तर हवा तिथूनच गळते. बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. अशा वजनदार टोपणाला आणि व्हॅनच्या जास्त दाबाला रबरी व्हॉल्व्हपेक्षा धातूचे व्हॉल्व्ह बरे. सेल नाण्याएवढा असतो, किटमध्ये सांगितलेल्या नंबरचाच घाला. आतल्या सेन्सरची बॅटरी मात्र बहुधा बंदिस्त असते. पाच ते दहा वर्षांनी ती संपली की सेन्सरच बदलावा लागतो.

टोपणांवर पुढचं डावं, मागचं उजवं अशा खुणा असतात. टायरची अदलाबदल करताना टोपणं त्या त्या जागीच परत लावा, नाहीतर एका चाकाचं दुखणं डबी दुसऱ्याच्या नावावर खपवते. चोरी होऊ नये म्हणून दिलेल्या नटाचा छोटा पाना गाडीतच ठेवा. तो घरी राहिला तर रस्त्यात हवाही भरता येत नाही.

आतला सेन्सर असेल तर पंक्चरवाल्याला टायर उतरवण्याआधीच सांगा, नाहीतर पहिल्याच दणक्यात तो मोडतो. पंक्चर बंद करणारं द्रव टाकलं असेल तर तेही सांगा, त्याने सेन्सरचं भोक बुजू शकतं.

दिवा लागला तर?

कारखान्याच्या यंत्रणेत पिवळा दिवा असतो : टायरचा छेद आणि मध्ये उद्गारचिन्ह. तो स्थिर लागला तर हवा कमी आहे. अनेक गाड्यांत तो आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. तेव्हा बिघाड यंत्रणेतच असतो आणि हवेबद्दल ती काहीच सांगत नसते.

दिवा लागला की जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग हिसकावू नका. वेग हळूहळू कमी करा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. आकडा भराभर उतरत असेल तर त्या चाकावर पुढे जायचंच नाही.

आणि दिवा *नाही* लागला तर? तरीही महिन्यातून दोनदा आणि लांबच्या प्रवासाआधी गेज लावा. टायर चांगल्या हालतीत असला तरी महिन्याला एखाद-दोन पीएसआय हवा आपोआप उतरते. टायरला पडलेली चीर, फुगवटा, झिजलेली नक्षी आणि टायरचं वय हे डबीला दिसत नाही. वय टायरवरच्या चार आकड्यांत असतं. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा.

त्या दिवशी पुढे काय झालं?

सरांनी डावा टायर काढून स्टेपनी लावायला सांगितली. स्टेपनीत हवा निघाली २२! डबीत स्टेपनीचा आकडा नसतो, म्हणून तिच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. तासभर थांबलो. टायर निवले, पंपावर हवा भरली, मी माहितीपत्रक वाचत गेले आणि मामा बटणं दाबत मर्यादा घालत गेले. उरलेला रस्ता काटा ६० च्या वर गेला नाही. व्हिजिटला दोन तास उशीर झाला आणि जेवण बुडालं. त्यावर काही मुलांनी बरीच कुरकुर केली.

परत आल्यावर मामांबरोबर मी पंक्चरवाल्याकडे गेले. त्याने तो डावा टायर उतरवला, आत हात फिरवला आणि तळवा माझ्यासमोर धरला. बोटांवर रबराची काळी पूड.

"ताई, हा आतून खाल्लाय," तो म्हणाला.

उजवाही तसाच निघाला. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटायचं, ओरडत नाही म्हणजे सगळं ठीक आहे."

चूक एकट्या मामांची नव्हती. ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याच्या भाषेत सूचना पोचवणं हे आपल्यासारख्या शिकलेल्यांचं काम होतं. त्या आठवड्यात मी आणि माझ्या रूममेटने मिळून एका पानाचा मराठी तक्ता केला : थंड टायरची हवा, अलार्मच्या मर्यादा आणि अलार्म झाल्यावर काय करायचं. मामांनी त्यात माझ्या तीन चुका काढल्या. दोन शुद्धलेखनाच्या, आणि एक म्हणजे मी स्टेपनी विसरले होते! आता तो तक्ता व्हॅनच्या सनशेडमागे चिकटवलेला आहे.

तुमच्या घरच्या गाडीत, काकांच्या टेम्पोत किंवा गावाकडच्या जीपमध्ये अशी डबी असेल तर सुट्टीत एवढंच करा : माहितीपत्रकाची पिशवी फोडा आणि गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसून त्याला ते त्याच्या भाषेत वाचून दाखवा. व्हायव्हाला याचे मार्क मिळत नाहीत, पण काम आपल्याच ब्रँचचं आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी