परवलीचा शब्द आणि निर्यातीचा कायदा

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. संगणकाची ओळखही इथेच झाली. एकदा मी माझा पासवर्ड विसरले आणि सरांना म्हणाले, "माझा जुना शब्द तेवढा सांगा." सर हसून म्हणाले, "तो मलाही दिसत नाही. नवा देता येईल." या उत्तराचा उलगडा करताना जे वाचनात आले, ते येथे थोडक्यात मांडते.

जात्यातून निघालेल्या पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. संगणकही आपला शब्द न ठेवता त्याचे 'पीठ' ठेवतो. आपण शब्द पुन्हा दिला की तो पुन्हा दळतो आणि दोन्ही पिठे ताडून पाहतो.

युनिक्स प्रणालीतील जुन्या जात्याचे वर्णन मॉरिस आणि थॉम्पसन यांनी १९७९ साली केले. डी.ई.एस. या संकेतलेखन पद्धतीवर ते आधारलेले होते. शब्द २५ वेळा दळला जाई. परंतु पहिली ८ अक्षरेच विचारात घेतली जात. अडचण वेगळीच होती. डी.ई.एस.ने गुप्त मजकूर लिहिताही येतो आणि उकलताही येतो. अमेरिकेच्या कायद्याने अशी साधने त्या काळी युद्धसामग्रीच्या यादीत घातली होती. परवान्याविना ती देशाबाहेर पाठवता येत नसत. त्यामुळे फ्रीबीएसडी ही विनामूल्य प्रणाली जगभर वाटणाऱ्यांपुढे पेच पडला.

१९९० च्या दशकात डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग कॅम्प यांनी तो सोडवला. परवलीच्या शब्दाला उघडणारे कुलूप लागतेच कशाला? नुसते जाते पुरे! त्यांनी एम.डी.५ हे एकेरी गणित घेतले. त्याने गुप्त पत्र लिहिता येत नाही, म्हणून निर्यातबंदीही नाही. दळण १००० वेळा झाले आणि ८ अक्षरांची मर्यादाही गेली. कायद्याच्या अडवणुकीतून अधिक मजबूत साधन जन्मले!

पुढे १९९७ साली ओपनबीएसडीने बीक्रिप्ट आणले. या प्रणालीचे काम कॅनडातून चालत असल्याने अमेरिकी नियम आड आला नाही. संगणक वेगवान होतील तसे दळण वाढवण्याची सोय त्यात आहे. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेनेही नियम बरेच सैल केले. २०१२ साली तर खुद्द कॅम्प यांनीच आपली पद्धत आता सुरक्षित राहिली नसल्याचे जाहीर केले.

यंत्रावर जकात बसवता येते, गणितावर नाही. आणि ज्ञान खरे तर तेच, जे आपले जाते जुने झाल्याचे स्वतःहून सांगते. माझ्या विसरभोळेपणाने मला एवढे शिकवले, हेही नसे थोडके!